कोमलच्या बातमीचे वाचक

१

त्या सोमवारी उपेंद्र सरांच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. एक शाल, एक श्रीफळ, ‘भोर-वेल्हे परिसरातील सर्जनशील शाळा’ असं कोरलेली काचेची पाटी, पुण्याच्या पेपरात आतल्या पानावर फोटो आणि, ज्याच्यासाठी बाकीचं सगळं, निवृत्तीच्या आत संस्थेच्या पुण्यातल्या शाळेवर बदली. बदल्यात मुख्याध्यापक म्हणून सरांनी काय द्यायचं होतं? मुलांना लिहू द्यायचं होतं. पोरांच्या लिहिण्याला सरांच्या खिशातून काही जात नव्हतं. सौदा बरा होता.

मुलांच्या वृत्तपत्राचं नाव ‘चव्हाटा’. वर्षभर ते निघत होतं, पेटी मात्र नवी. हाताने लिहिलेली पानं, लाकडी चौकटीच्या काचपेटीत टाचलेली, पेटीला कुलूप. ही पेटी टांगली होती ऑफिसच्या व्हरांड्यात, जिथे विद्यार्थ्यांनी विनाकारण फिरकू नये अशी पाटी आहे. मुलांचं वर्तमानपत्र मुलांपासून लांब का, असं कुणी विचारलं तर सर सांगत, “पोरं काच फोडतात.”

पाहुणे येणार सोमवारी, आणि सोमवारी निघाली अमावास्या. चिकित्सक विचाराच्या उपक्रमाचा प्रारंभ अमावास्येला करणं सरांच्या जिवावर आलं. म्हणून शनिवारीच, शाळा सुटायच्या आधी, पेटीची पूजा उरकून घेतली. सरांनी ओलं हळदकुंकू कालवून पेटीच्या चौकटीला बोटं लावली, कुलपालाही भरघोस लावलं, नारळ फोडला. मुलं मैदानात बसून स्वागतगीत म्हणत होती. पेटीपुढे मोठी माणसं उभी होती आणि एकमेकांचे फोटो काढत होती.

सोमवारी पाहुणे उशिरा आले. कापूरहोळला मिसळ चांगली मिळते, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. फीत कापण्याऐवजी पाहुण्यांच्या हस्ते कुलूप उघडायचं, ही कल्पना सरांचीच. पण चावी कुलपात जाईना. शनिवारचं कुंकू आत वाळून दगड झालं होतं. सोमनाथ शिपायाने नखाने खरवडून पाहिलं. शेवटी मराठीच्या मालिनी मॅडमनी अंबाड्यातला आकडा काढला, भोक कोरून साफ केलं, आणि टाळ्यांच्या गजरात चव्हाटा उघडला. हा अंक मुलांकडून घडवून घेतला मॅडमनी, त्यामुळे कौतुकात दोन टाळ्या त्यांच्याही वाट्याला आल्या.

मग प्रत्येकाने आपल्या लेखनाविषयी दोन शब्द बोलायचे होते. नववीतल्या कोमलची पाळी आली. हिर्डोशीच्या वरच्या धनगरवाड्यावरची पोर, शाळेच्याच वसतिगृहात राहणारी. तिने आपल्या जागेकडे बोट केलं आणि बोट तसंच राहिलं. तिथे हिरव्या खडूने रंगवलेलं झाड होतं. खाली लिहिलं होतं, ‘झाडे लावा’.

“ही माझी न्हाई,” ती पाहुण्यांना म्हणाली. “हितं माझी बातमी हुती. कुणीतरी काढलीय.”

२

पाहुणे हसले. पाहुण्यांना दुसरं काही करता येत नाही. सरही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. शाल अजून अंगावर पडायची होती.

ती पडली. पाहुणे वेल्ह्याच्या शाळेकडे रवाना झाले. मग सरांनी कोमलला ऑफिसात बोलावलं. सोबत सई आली. सई चव्हाट्याची संपादक, कोमलच्याच वर्गातली, भोरमधल्या वकिलाची मुलगी. तिला बोलावलं नव्हतं.

“शनिवारी पूजेच्या वेळी बातमी जागेवर होती,” सर म्हणाले. “मी स्वतः वाचली. छान होती. पूजा झाल्यावर शाळा बंद. रविवारी सुट्टी. आवारात कोण? वसतिगृहाच्या मुली. चावी कुठे? शिक्षककक्षाच्या खिळ्याला, आणि त्या दाराला नुसती बाहेरून कडी. आता तूच सांग, कोणी काढली?”

“मी माझीच बातमी कशाला काढीन, सर?”

“पाहुण्यांपुढे नाटक करायला. शाळेची शोभा करायला. उद्या वडिलांना बोलावलंय. दाखला घेऊन जा म्हणावं.”

इतकी सरळ तर्कपरंपरा त्या ऑफिसात आधी कधी ऐकू आली नव्हती. त्यात कोमलचं पुढचं आयुष्यही अगदी सरळ दिसत होतं. वसतिगृहातून नाव कमी झालं की शाळा संपली. वरच्या वाड्यावरून रोज भोरला पोचवील अशी एसटी अजून कुणी सोडलेली नाही. घरी शेळ्या आहेत, आणि शेळ्यांमागे जायला दहावी पास लागत नाही.

बाहेर आल्यावर कोमल रडली नाही. रडली असती तर सईला सोपं गेलं असतं.

“तुझे आबा उद्या किती वाजता येतील?” सईने विचारलं.

“एसटी गावली तर दुपारच्या आत.”

“मग आज मुलाखती घेऊ.”

“कुणाच्या?”

“सगळ्यांच्या. उद्घाटन विशेष अंक काढतोय म्हणून सांगायचं. फोटो छापणार म्हटलं की कोण नाही म्हणतंय बघू.”

३

कुणीही नाही म्हटलं नाही.

पहिले उपेंद्र सर. त्यांनी आधी केस सारखे केले आणि फोटो डाव्या बाजूने घ्यायला सांगितलं. मुलांना प्रश्न विचारायला शिकवलं पाहिजे, हे त्यांनी बराच वेळ सांगितलं. मधे सईला एकही प्रश्न विचारता आला नाही. शेवटी ते थुंकी गिळायला थांबले तेव्हा ती म्हणाली, “सर, कोमलची बातमी तुम्ही वाचली होती. काय आवडलं तुम्हाला?”

“बातमी कसली, काव्यच ते. त्या डोंगरदऱ्या, ती मेंढरं, ते निरागस बालपण. चूक केली पोरीने, पण लेखणीत दम आहे. हे वाक्य घे बरं का.”

“शनिवारी दुपारी तुम्ही कुठे होतात?”

“मधल्या सुट्टीपासून बाजारात. सोमनाथला घेऊन. शाल, नारळ, पेढे. थेट पूजेला परत आलो.” हेही छापून येईल, या आनंदात सरांनी पेढ्यांच्या दुकानाचं नावसुद्धा सांगितलं.

सोमनाथने तेच सांगितलं, फक्त पेढ्यांऐवजी उन्हाविषयी जास्त बोलला. बातमी वाचली का म्हटल्यावर म्हणाला, “वाचली की. लई भारी.”

“काय भारी होतं?”

“आता तू अभ्यास घेतीयस का माझा? सायेब म्हनले छान, म्या म्हनलो भारी.”

पीटीचे भैरवनाथ सर मधल्या सुट्टीनंतर पूजा सुरू होईपर्यंत मैदानात पोरांकडून स्वागतगीताच्या रांगा लावून घेत होते. पूजेला मात्र ते पुढच्या ओळीत होते, शिट्टीसकट. “ते करडाचं वर्णन आहे ना,” ते म्हणाले, “नुकत्याच जन्मलेल्या करडाचं. खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं.”

चौथा वरद, मुख्याध्यापकांचा पुतण्या. झाडाचं चित्र त्याचं. सईने ते पूर्वीच नाकारलं होतं, कारण अगदी तेच झाड चित्रकलेच्या पुस्तकात होतं. नाकारलेलं साहित्य शिक्षककक्षात एका फाइलीत पडून असे, ती फाइल कुणालाही घेता येई.

“मी लावलं असेल असं वाटतंय ना तुला?” वरद म्हणाला. “मला काय गरज? काकांना नुसतं सांगितलं असतं तर पहिल्या पानावर लावलं असतं.”

“मधल्या सुट्टीनंतर कुठे होतास?”

“तुझ्यामागच्या बाकावर. तू माझा कंपास घेतलास आणि दिला नाहीस.”

हे खरं होतं.

“बातमी वाचलीस?”

“तू माझं चित्र घेत नाहीस, मी तुझा पेपर कशाला वाचू?”

सगळ्यात शेवटी मालिनी मॅडम. त्यांच्याकडे जाताना सईचा जीव जरा हलका झाला. बातमी म्हणजे काय, कोण-कुठे-केव्हा-का कसं विचारायचं, आपल्या माणसालाही कसं विचारायचं, हे त्यांनीच शिकवलं होतं. कोमलला वसतिगृहात जागा मिळावी म्हणून पहिल्या वर्षी अर्जही त्यांनीच लिहून दिला होता. चव्हाट्यात गेल्या वर्षभरात लहान मुलांच्या ज्या कविता आल्या, त्यांच्यामुळे मॅडमचं नाव पुण्यापर्यंत गेलं होतं. पाठ्यपुस्तकाच्या मंडळावर त्यांना घेणार, असं शिक्षककक्षात सगळे म्हणत. काही जण ते तोंड वाकडं करून म्हणत.

मॅडमनी आधी चिक्की दिली.

“मी नाही गं वाचली तिची बातमी, बाळा. खोटं कशाला बोलू? घरी गॅसची टाकी येणार होती, मधली सुट्टी होताच घरी गेले. आले ती थेट पूजेला. त्या गर्दीत कुठलं वाचायला मिळतंय?”

दिवसभरात प्रथमच एक मोठं माणूस ‘नाही वाचली’ म्हणत होतं. सईने ते शब्दशः उतरवून घेतलं.

“पोरीवर फार मोठी शिक्षा होतेय,” मॅडम पुढे म्हणाल्या. “मी बोलेन सरांशी. पण तिलाही समज दे हं. पाचवीच्या लेकरांची अशी उलटतपासणी घेऊ नये. लेकरं बावरतात.”

सईने तेही उतरवलं आणि चिक्की खात बाहेर आली.

४

वसतिगृहाच्या पायऱ्यांवर कोमल तांदूळ निवडत बसली होती. सईने तिला मुलाखती वाचून दाखवल्या. मेंढरांपाशी कोमल हसली. करडापाशी तिने ताट खाली ठेवलं.

“म्या मेंढराचं, करडाचं एक अक्षर लिवलं न्हवतं.”

“मला माहितेय. म्हणून तर वाचून दाखवतेय.”

“धनगराची पोर हाय म्हनल्यावर मेंढरंच असतील, असं धरून चाललेत समदे. आमच्यात मेंढरं न्हाईतच, शेळ्या हायेत.”

बातमी होती चव्हाट्यातल्या कवितांची. गेल्या अंकांत ज्या ज्या लहान मुलांच्या नावावर कविता आली होती, त्यांना कोमलने एकेक गाठून विचारलं होतं, या ओळीचा अर्थ काय, तुला हे कसं सुचलं. पाचवीतल्या मंगलच्या नावावर समुद्राच्या गाजेवर कविता होती. मंगल सारोळ्याची. ‘गाज म्हंजी काय ते मला ठावं न्हाई,’ असं तिने सांगितलं होतं, ‘पर म्या पुलावरनं नीरा बघितलीय, लई मोठी हाय.’ बाकीच्यांचीही तीच कथा. ‘मग या कविता लिहितं कोण?’ असं विचारून कोमलने बातमी संपवली होती. लिहितं कोण, ते तिला कळलेलं नव्हतं. तिचा संशय बाजारात मिळणाऱ्या गाइडांवर होता.

“म्हणजे पूजेला उभ्या राहिलेल्या कुणीच ती वाचली नाही,” सई म्हणाली. “तरी सगळे म्हणतात, पूजेच्या वेळी ती तिथे होती. कशावरून?”

“फोटो असतील.”

फोटो होते, शाळेच्या ग्रुपवर ढिगाने. सरांची पाठ, भैरवनाथ सरांची पाठ, ताटातले पेढे, पुन्हा सरांची पाठ. मुलांच्या वर्तमानपत्राची दोन बोटंसुद्धा कुठे दिसत नव्हती.

“पूजेच्या आधीच काढली असंल तर?” कोमल म्हणाली.

“सिद्ध कसं करायचं?”

कोमलने तांदळातला खडा काढून पायरीवर ठेवला.

“सई, आज सकाळी चावी का जात न्हवती?”

“कुंकू भरलेलं आत.”

“कधीचं?”

“शनिवारच्या पूजे...” सईचं वाक्य अर्धंच राहिलं. शनिवारी रात्री किंवा रविवारी कुणी कुलूप उघडलं असतं, तर कुंकू तेव्हाच कोरून काढावं लागलं असतं. पाहुण्यांपुढे चावी अडली नसती. पूजेनंतर सोमवारच्या टाळ्यांपर्यंत ते कुलूप उघडलंच नव्हतं.

“सुटलीस तू,” सई म्हणाली. “मधल्या सुट्टीत आपण दोघींनी बातमी लावली, सोमनाथदादाने कुलूप घातलं, चावी खिळ्याला अडकवली आणि तो सरांबरोबर बाजारात गेला. त्यानंतर पूजेपर्यंत काढली कुणीतरी. सर आणि दादा बाजारात. भैरवनाथ सर मैदानात, अर्धी शाळा साक्षीला. वरद माझ्यामागे, तू माझ्या शेजारी.”

कोमलला मात्र सुटल्याचा आनंद झालेला दिसला नाही. तिने वहीकडे हात केला.

“मॅडमचं परत वाच.”

“त्यांनी तर सरळ सांगितलं, वाचली नाही म्हणून.”

“त्येच्या पुढचं वाच.”

सईने वाचलं. पाचवीच्या लेकरांची अशी उलटतपासणी घेऊ नये.

५

दुसऱ्या दिवशी आबा आले. सोबत आजी भागूबाई, कारण आबांच्या मते नातीच्या बाजूने भांडायचं झालं तर म्हातारीइतकं कुणी भांडत नाही. एसटी मिळाली नव्हती. बराच रस्ता पायी आणि उरलेला दुधाच्या टेम्पोत, असे दोघं आले होते. सरांनी खुर्ची दिली. आबा उभेच राहिले, म्हातारी बसली.

दाखल्याचा कागद टेबलावर तयार होता. मालिनी मॅडमही होत्या, मुलीची बाजू मांडायला. सोमनाथ पाणी देऊन दारात थांबला होता, कारण असं रोज ऐकायला मिळत नाही.

सईने कुलपाचं सांगितलं. सर ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला, कारण ते मूर्ख नव्हते. पुढे काय येणार ते त्यांना दिसत होतं.

“म्हणजे सर, पूजेच्या वेळी पेटीत झाडच होतं,” सई म्हणाली. “आणि तुम्ही तर बातमी वाचली म्हणता.”

“गर्दीत... माणसाचा घोटाळा होतो.”

“मेंढरं वाचली म्हणालात. त्यात मेंढरं नव्हती.”

“तू मला चिकित्सा शिकवू नकोस.”

आबांनी मुंडासं सारखं केलं. “सायेब, मला लिवता-वाचता येत न्हाई, त्येची लाज बी न्हाई. तुमी वाचलं का न्हाई वाचलं, येवढंच सांगा. वाचलं आसंल तर माझी लेक चोर. न्हाई वाचलं आसंल तर न्हाई.”

सरांनी पंख्याकडे पाहिलं. एका बाजूला पोरीचं शिक्षण, दुसऱ्या बाजूला ‘मी न वाचता वाचलं म्हणालो’ हे पाच-सहा शब्द. तोलायला त्यांना फारच वेळ लागला. भागूबाई तेवढ्यात म्हणाल्या, “चहा तरी सांगा. लई जड इचारलंय त्यास्नी.”

दारातून सोमनाथ हसला. बहुधा त्या हसण्यामुळेच सरांच्या तोंडून निघालं, “मी वरवर पाहिलं. वाचलं असं नाही म्हणता येणार.”

“झालं तर मग,” आबा म्हणाले. “मंग चोरी कुनी केली?”

कुणी मॅडमकडे पाहिलं नाही. कोमलसुद्धा जमिनीकडेच पाहत होती. बोलायचं सईवरच आलं.

“बाकी सगळे मोठे न वाचता वाचली म्हणाले,” ती म्हणाली. “मॅडम, तुम्ही एकट्या वाचून नाही म्हणालात. मधल्या सुट्टीनंतर तुम्ही शाळेत नव्हतात म्हणता, आणि पूजेच्या वेळी बातमी तिथे नव्हती. मग पाचवीच्या मुलांना प्रश्न विचारलेत हे तुम्हाला कुठून कळलं? मी सांगितलं नव्हतं. कोमलने माझ्याशिवाय कुणाला दाखवली नव्हती, आणि ती बातमीसाठी विचारतेय हे त्या मुलांनाही माहीत नव्हतं.”

मालिनी मॅडम रडतील असं सरांना वाटलं असावं. ते पाण्याचा ग्लास शोधू लागले. मॅडम रडल्या नाहीत.

“मंगलला लिहिता येत नाही,” त्या म्हणाल्या. “मला येतं. पुण्याहून माणसं येतात, त्यांना मुलांच्या कविता हव्या असतात, आणि चांगल्या हव्या असतात. मुलांनी खरोखर लिहिलेलं त्यांच्यापुढे ठेवलं असतं तर तुमची ही पाटी आली असती का, सर? नीरा लई मोठी हाय, यावर देतं का कुणी बक्षीस?”

“मॅडम, हे तुम्ही मला सांगायला हवं होतं,” सर म्हणाले.

“तुम्ही वाचत असतात तर तुम्हाला कळलं असतं.”

त्या दिवशी त्या खोलीत मोठी माणसं जे काही बोलली, त्यात एवढं एकच वाक्य धड होतं. मग त्या कोमलकडे वळल्या, तोच जुना मऊ आवाज. “मला आधी दाखवायची होतीस, बाळा. आपण बसून नीट केली असती.”

“तुमालाच दावायची हुती,” कोमल म्हणाली. “अंकात लागल्यावर. तुमी शिकीवलं तसं जमलं का, ते बघा म्हननार हुते.”

६

कागद फाडला गेला. सरांनी स्वतः फाडला आणि चार तुकडे खिशात घातले, कारण कचऱ्याच्या टोपलीत कोणी वाचलं तर. बातमीचं काय झालं असं विचारल्यावर मॅडमनी सांगितलं की ती त्यांनी घरी चुलीत घातली. गॅसची टाकी आली नव्हती बहुतेक.

प्रकरण बाहेर जाऊ नये, असं ठरलं. ठरवणारे तेच, ज्यांचं बाहेर गेलं असतं.

आता हिशेब करून टाकू. उपेंद्र सरांना बदली मिळाली. जाताना त्यांनी काचेची पाटीही नेली. मालिनी मॅडम पाठ्यपुस्तकाच्या मंडळावर गेल्या, तिथे त्या मुलांसाठी कविता लिहितात, आता स्वतःच्या नावावर, म्हणजे त्यांनाही फायदाच झाला. भैरवनाथ सरांचं काहीच गेलं नाही. ते करड त्यांना अजून आठवतं म्हणतात. वरदला कंपास परत मिळाला. मंगलने पुन्हा काही लिहिलं नाही. तिच्या नावावर काही तोटा मांडावा, असं कुणालाच वाटलं नाही. सईला संपादकपदावरून काढलं, ‘दहावीचं वर्ष जवळ आलंय’ या कारणाने, आणि तिच्या वडिलांनी त्याला मान्यता दिली.

कोमल शाळेत राहिली, वसतिगृहातली जागा राहिली. तिने बातमी आठवून पुन्हा लिहिली. पहिल्यापेक्षा ती बरीच चांगली झाली होती. लिहून झाल्यावर सवयीने ती शिक्षककक्षाच्या दारापर्यंत गेली. ती वाचून ‘इथे कमी कर, इथे आणखी विचार’ असं सांगू शकेल असं त्या सबंध शाळेत एकच माणूस होतं. कोमल दारातून परत फिरली. बाकीच्यांच्या फायद्यांची भरपाई तेवढी तिने एकटीने केली.